टेबलावरचा तळहात

आमच्या पालिकेत लिलाव तोंडाने होत नसे, हाताने होई. आता तुम्ही म्हणाल, म्हातारा सुरू झाला. म्हणा. सभागृहात ते टेबल अजून आहे, त्यावर ती वस्तूही आहे, आणि शिपायाला चहापुरते पैसे दिलेत तर तो वरचं फडकं बाजूला करून दाखवतो.

पद्धत अशी. पालिकेचा गाळा भाड्याने द्यायचा झाला की लांब टेबलावर त्या गाळ्याची चावी ठेवायची. ज्याला गाळा हवा त्याने उजवा तळहात टेबलावर टेकवायचा. अध्यक्ष घंटा वाजवून भाडं चढवत जाणार. ज्याला झेपणार नाही त्याने हात उचलायचा आणि घरी जायचं. शेवटपर्यंत ज्याचा तळहात टेबलावर राहील त्याने त्याच तळहाताने चावी उचलायची. चावी उचलली की लिलाव संपला. तोवर गाळा जुन्या भाडेकरूचाच.

इथवर सगळं सभ्य होतं. मग एका लिलावात दोन सख्खे भाऊ ईर्ष्येला पेटले. भाडं चढवत चढवत त्यांनी आभाळाला नेऊन टेकवलं, आणि आकडा ऐकून दोघेही एकाच गाडीत बसून गाव सोडून पळाले. पालिकेच्या हाती उरला बंद गाळा. तेव्हा शहाण्या मंडळींनी बसून ठराव केला, की दोनच हात उरले म्हणजे घंटा थांबवायची, भाडं तिथंच गोठवायचं, आणि ज्याचा धीर जास्त त्याला गाळा द्यायचा. खाली एक कलमही जोडलं: टेबलावरच्या तळहाताला दुसऱ्या कोणी हात लावू नये.

तळहाताला. बरगड्या, दात, गुडघे आणि कान यांचा ठरावात उल्लेख नव्हता.

पहिल्याच लिलावात सायकल दुरुस्तीवाल्याने चहावाल्याचा कान चावून तोडला आणि हात न उचलता तो गिळला. मग दवाखान्यातला कंपाउंडर कापूस-बँडेज घेऊन दारात बसू लागला. पालिकेने त्यावरही आकार लावला. त्या वर्षी पाणीपट्टीपेक्षा मलमपट्टीतून जास्त उत्पन्न झालं, आणि अंदाजपत्रकात त्याचं वेगळं सदर पडलं. मुख्याधिकाऱ्यांचा, म्हणजे आमच्या साहेबांचा, त्याबद्दल सत्कार झाला. खोटं वाटत असेल तर चहावाल्याला विचारा, पण उजव्या बाजूने विचारा. डावा कान गेलाय.

तर गोष्ट आहे धारवालीची.

बाजाराच्या टोकाला पालिकेच्या गाळ्यांची ओळ होती. शेवटच्या गाळ्यात धारवाली बसायची. सुऱ्या, कात्र्या, कोयते, न्हाव्याचे वस्तरे, सगळ्या गावाची धार तिच्या चाकावर. ते दगडी चाक तिच्या नवऱ्याने जमिनीत लोखंड गाडून बसवलं होतं. नवरा गेला, चाक राहिलं. ते उपटलं तर दोन तुकडे होणार हे तिला ठाऊक होतं. गाळा गेला म्हणजे चाक गेलं, आणि चाक गेलं म्हणजे चूल गेली.

तिला एक जाऊ होती. सासऱ्याच्या मालाची दिराशी वाटणी झाली, तेव्हा चाक धारवालीकडे आलं आणि चाकाचा चामडी पट्टा जावेकडे गेला. मुद्दामच. तेव्हापासून धारवाली सुंभाच्या दोरीवर चाक फिरवायची आणि जाऊ तो पट्टा तेल लावून खुंटीला टांगून ठेवायची. दोघी समोरासमोर राहायच्या आणि एकमेकींशी भिंतीमार्फत बोलायच्या.

आणि होता रोलर. रस्त्याचा ठेकेदार. त्याला रोलर म्हणायचं कारण त्याच्या मालकीचे रोलर होते हे एक, आणि तो ज्याच्या दारात उभा राहिला त्याचं दार सपाट व्हायचं हे दुसरं. ती गाळ्यांची ओळ पाडून त्याला तिथं तीन मजली बाजार उठवायचा होता. बाकीचे गाळे त्याने लिलावातच मिळवले होते. शेवटचा तेवढा राहिला होता. पालिकेची तिजोरी रिकामी, सफाईवाल्यांचे पगार थकलेले, म्हणून साहेबांनी धारवालीच्या गाळ्याचा लिलाव काढला. अध्यक्ष रोलरचे व्याही. आता आणखी काय सांगू?

लिलावाच्या दिवशी भर दुपारी सभागृह भरलं. रोलर त्याच्या दोन मेहुण्यांना घेऊन आला. मागच्या एका लिलावात कोणीतरी टेबलावर तेल ओतलं होतं आणि रोलरचा हात सटकता सटकता वाचला होता. म्हणून या खेपेला पठ्ठ्याने डोकं चालवलं. सुताराकडून लाकूड चिकटवायचा सरस कढवून आणला, दारातच तळहाताला चांगला जाड थापला आणि हात टेबलावर दाबून बसला.

"काय वहिनी," रोलर म्हणाला, "घरी पोळपाट-लाटणं आहे ना? त्यालाही धार लावता येते म्हणतात."

"ये की घरी," धारवाली हात टेकवत म्हणाली. "तुझ्या पाठीवर लावून दाखवते."

अध्यक्षांनी घंटा वाजवली. भाडं चढलं. कापडवाल्याने हात उचलला. पुन्हा घंटा, सोनाराने उचलला. आणखी एका घंटेला दोन्ही मेहुण्यांनी उचलले, कारण त्यांना हात मोकळे हवे होते. राहिले दोन. घंटा थांबली. कंपाउंडरने कापसाची पुडी फोडली.

थोरल्या मेहुण्याने पहिला ठोसा धारवालीच्या बरगडीत घातला. आवाज मागच्या बाकापर्यंत आला. ती वाकली, पण तळहात हलला नाही. धाकट्याने तिच्या पाठीत खुर्ची घातली; खुर्चीचा पाय मोडला. साहेब ओरडले, "पालिकेची मालमत्ता आहे ती! बाकडं घ्या, बाकडं मजबूत आहे!" धाकट्याने बाकडं उचललं. धारवालीने डाव्या हाताने ओच्यातला वस्तरा काढला आणि त्याच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत अशी रेघ ओढली, की त्याला मागून वारा लागल्यावर समजलं. बाकडं त्याच्याच पायावर पडलं. तो एका पायावर नाचू लागला. पुढे कित्येक दिवस पाणी पिताना त्याच्या गालातून गळायचं.

"दाजी, हिच्याकडे हत्यार आहे!" थोरला किंचाळला.

"धारवालीकडे हत्यार नसणार तर काय फुलं असणार?" रोलर खेकसला. "तिचा हात सोडून बाकी सगळं मोड!"

थोरल्याने तिचं नाक मोडलं. मग पुढचे दात पाडले. एक दात उडून अध्यक्षांच्या चहात पडला आणि त्यांनी तो चमच्याने काढून बशीत ठेवला. धारवाली रक्त थुंकली आणि हसली. तिचे हात आयुष्यभर चाकाशी झगडलेले. तळहात असा काही टेबलाला बसला होता, की तिला उचललं असतं तर टेबलही उचललं गेलं असतं.

थोरल्याला घाम फुटला. तेवढ्यात त्याचं लक्ष टेबलालगतच्या कोपऱ्यातल्या तिजोरीकडे गेलं. माणसाच्या छातीइतकी उंच, लोखंडी. त्याने खांदा लावला, धाकट्याने एका पायाने जोर दिला, आणि तिजोरी कलंडून सरळ टेबलावर, धारवालीच्या तळहातावर आली.

हाडं वाजली.

"हात कोणी लावला नाही," थोरला म्हणाला. "तिजोरी पडली."

साहेबांनी कलम पाहिलं आणि मान डोलावली. तिजोरीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. बरं, ती रिकामी होती म्हणून मनगट वाचलं. त्या वर्षी घरपट्टीची वसुली बरी झाली असती, तर बाईचा हात खांद्यापासून गेला असता.

पण मेहुण्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. तिजोरी वर बसली म्हणजे हात आता निघणारच नव्हता. धारवाली बेशुद्ध झाली तरी तिचा तळहात टेबलावर! रोलरच्या ते ध्यानात आलं आणि तो मेहुण्यांच्या सात पिढ्या उद्धरू लागला. "गाढवांनो, खिळा ठोकून दिलात तिला! काढा ती तिजोरी!"

ती काढायला दोघे वाकले, तशी मागच्या दारातून जाऊ आत आली. खांद्यावर तो चामडी पट्टा. धारवालीकडे तिने पाहिलंच नाही. ती भिंतीला म्हणाली, "त्या बाईला सांगा, मी काही तिच्यासाठी आलेली नाही. आमच्या सासऱ्याच्या चाकाला कोणी बाहेरचा हात लावणार असेल, तर मला बघवणार नाही."

भिंतीला नीट उत्तर देण्याइतके दात धारवालीला उरले नव्हते. "शांगा," ती म्हणाली, "उशीर केला तिने."

जावेने कोपऱ्यातला झेंड्याचा दांडा घेतला आणि वाकलेल्या थोरल्याच्या टाळक्यात घातला. तो पडला. धाकटा वळला, त्याच्या चांगल्या पायाच्या नडगीवर घातला. तोही पडला. मग ती टेबलाखाली शिरली. रोलरला वाटलं घाबरून लपली. तिने त्याचे दोन्ही घोटे पट्ट्याने आवळले, दुसरं टोक धरून खिडकीशी गेली आणि बाहेर हाक मारली, "अहो ट्रॅक्टरवाले भाऊ! पगार झाला का?"

बाहेर पालिकेचा कचऱ्याचा ट्रॅक्टर उभा होता. चालकाने वळून पाहिलं. "कसला पगार, ताई? दिवाळं निघालंय यांचं."

"मग हे घ्या, बांधा मागं. पगार आत अडकलाय, ओढून काढावा लागेल."

त्या माणसाने लगेच पट्टा हुकात अडकवला, गिअर टाकला. सभागृह तळमजल्यावर, खिडकी चांगली जमिनीपर्यंत. पट्टा ताणला, आणि रोलर पायाकडून खिडकीकडे निघाला. हात सरसाने टेबलाला, म्हणून टेबलही निघालं. टेबलावर तिजोरी, तिजोरीखाली धारवालीचा हात, म्हणून धारवालीही फरपटत निघाली. अध्यक्षांनी टेबल धरलं, साहेबांनी अध्यक्षांना धरलं. वरात पाहावी तशी गर्दी मागून चालली. टेबल खिडकीशी पोचलं आणि आडवं अडकलं. ट्रॅक्टर थांबला नाही.

"सोड रे! सोड!" रोलर ओरडला. हवेत आडवा, पायाकडून ट्रॅक्टर, हाताकडून पालिका.

ओलं कापड फाडल्यासारखा आवाज झाला. रोलर खिडकीतून बाहेर गेला आणि बाजारभर कचऱ्यामागे फिरून आला. त्याचा तळहात मात्र टेबलावरच राहिला. नुसतं कातडं, पण पाची बोटांसकट, रेषांसकट, अंगठीच्या वळासकट. धक्क्याने तिजोरी खाली घसरली. धारवालीची मधली दोन बोटं पापडासारखी चपटी झाली होती. तरी तिने हात उचलला नाही.

कंपाउंडरने रोलरला आणलं. उजवा हात सोललेल्या संत्र्यासारखा. जाऊ म्हणाली, "आता एकच हात आहे. चावी द्या."

"एक कसा?" रोलर वेदनेने बोबडा झाला होता, पण धंदा विसरला नव्हता. "तो बघा माझा तळहात! टेबलावरच आहे! मी उचललेला नाही! लिहा, साहेब, लिहून घ्या!"

अध्यक्षांचा चेहरा उजळला. साहेबांनी भिंग घेऊन पाहिलं. "बरोबर आहे. ठरावात तळहात म्हटलंय. मालक जोडलेला असावा असं म्हटलेलं नाही. तळहात ठेकेदारांचाच आहे, आणि टेबलावर आहे."

"नक्की त्याचाच?" धारवालीने तुटक्या दातांतून विचारलं.

"माझाच!" रोलर गरजला. "बायकोची शपथ घेऊन सांगतो, तोच माझा खरा तळहात!"

"लिहिलं?"

"लिहिलं," साहेब म्हणाले.

"मग मी हरले," म्हणत धारवालीने आपला मोडका हात उचलला. "आता त्याला सांगा, चावी उचल."

चावी कातड्यापासून बोटभर अंतरावर होती. अध्यक्षांनी घंटा वाजवली. कातडं हललं नाही. रोलरने सोललेला हात पुढे केला, तसा साहेबांनी त्याचं मनगट धरलं. "तो नव्हे. आपण आत्ताच लिहायला लावलंत." अध्यक्षांनी चावी कातड्यावर ठेवून बोटं दुमडून पाहिली. सरस पक्का होता. सुतार मागच्या बाकावरून म्हणाला, "मी कढवलेला आहे साहेब, गम्मत नाही."

तेव्हापासून तो लिलाव चालू आहे. अंदाजपत्रकात दर साली त्या गाळ्याचं अपेक्षित उत्पन्न दाखवतात, आणि दर साली ते येत नाही. गाळ्यात धारवाली बसते. तिला आता पातं नीट धरता येत नाही, म्हणून पातं जाऊ धरते आणि पट्टा चाकावर चढवून धारवाली पायाने फिरवते. बोलतात अजून भिंतीशीच, पण दोघींना आता एकच भिंत पुरते.

मध्यंतरी रोलर स्वतः आला. डाव्या हातात सुताराची पटाशी, गुंडाळून आणलेली. गावात धार लावणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे यावंच लागलं.

"काय खरवडायचंय, भाऊ?" जावेने विचारलं.

"आमचं आम्ही बघू. धार लावा."

जावेने पटाशी चाकावर धरली. धारवालीने पाय मारला. ठिणग्या अशा उडाल्या, की समोरच्या दुकानाचा पडदा पेटला. रोलरच्या मिशा भाजल्या. दोघी थांबल्या नाहीत. चाक ओरडत होतं, लोखंड लाल होऊन झिजत होतं, बोटभर, मग नखाएवढं. जावेने शेवटी त्याच्या हातात नुसती लाकडी मूठ ठेवली.

"हे काय? पातं कुठंय?"

"आहे की," धारवाली म्हणाली. "इतकी बारीक धार लागली, की दिसत नाही आता. सांभाळून धरा. उरलेला हात कापाल."

आणि खरं सांगतो, तो ती मूठ अंगापासून लांब धरून घरी गेला.