तीन पंचविसाचा काटा

कुंडलिकरावांनी चौतीस वर्षं पालिकेच्या पाणी खात्यात मीटर वाचले. सगळे नळ बंद असताना काटा हलला, तर कुठेतरी चोरी आहे, एवढं ज्ञान घेऊन ते मुलुंडला घरी बसले.

बायकोच्या भाच्यानं, केयूरनं, त्यांचा सगळा फंड एका छोट्या पंप कंपनीच्या शेअरमध्ये घातला. अशा शेअरला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून एका दलालानं दिवसभर खरेदी-विक्रीचे भाव लावून बसायचं असतं. त्याला मार्केट मेकर म्हणतात. केयूर त्याच दलालाकडे, अंधेरीला, नोकरीला. कुंडलिकरावांच्या शेअर खात्याचा पासवर्डही त्याच्याकडेच. घरच्या मुलाकडे तो मागायचा कसा?

कुंडलिकराव नुसता भाव बघत. दिवसभर शेअर मेल्यासारखा पडलेला असे आणि तीन पंचविसाला एकच सौदा होऊन भाव चढे. रोज. अठरा दिवस त्यांनी वेळा टिपल्या, सेकंदासकट. मग शेअर बाजाराच्या नियामकांकडे तक्रार ठोकली: मार्केट मेकर हातचलाखी करतोय, सौदे कोणाच्या नावावर होतात ते शोधा आणि त्या इसमाला आत टाका. केयूरला सांगितलं नाही. पोराच्या नोकरीवर नको यायला.

गुरुवारी पोच आली. त्यांनी ती बायकोला, विमलाबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवली. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी मेसेज बघितला आणि पुसायला बोट उचललं.

"कसला गं?"

"रोज सांजेक येता. बँकेची जाहिरात असतली. मी पुसून टाकतंय."

शेअरचं खातं उघडलं तेव्हा कुंडलिकरावांचा फोन दुरुस्तीला होता, म्हणून नंबर बाईंचा दिलेला. कुंडलिकरावांनी फोन घेऊन मेसेज वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यांच्या खात्यातून आज पंप कंपनीची खरेदी झाली होती. वेळ, तीन पंचवीस.

त्यांनी केयूरला फोन लावला.

केयूर हसला. सगळ्याच पेन्शनर काकांची खाती तो असाच हलती ठेवतो म्हणाला; आज घ्यायचं, उद्या विकायचं, भाव जिवंत राहतो. "तुम्ही फक्त कुठे बोलू नका हां काका. तक्रारी करणारे रिकामटेकडे असतात ना."

कुंडलिकराव बरं म्हणाले.

रात्रभर जिन्यात पावलं वाजली की ते उठून बसत. तिसऱ्या मजल्यावरचे लोक इतके उशिरा येतात, हे त्यांना नव्यानंच कळलं.

सकाळी नियामकांचा दुसरा मेल आला. भाषा फार सभ्य होती. आपण दिलेल्या वेळा आमच्या नोंदींशी सेकंदासकट जुळल्या, आभारी आहोत. सौदे ज्या खात्यांतून झाले त्यांची नावं आज हाती येतील. सोमवारी ओळखपत्र घेऊन भेटावं. येताना एवढंच लेखी आणावं: इतक्या अचूक वेळा आपल्याला कशा ठाऊक?

कुंडलिकरावांनी कागद घेतला. 'मी पूर्वी मीटर वाचत असे,' एवढं लिहिलं. वाचून पाहिलं.

त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.