ओला निळा

इसिदोरोसने दाराला अंग न लागू देता, खांदे आवळून उंबरठा ओलांडला, टोपी काढली, भिंतीवर हात फिरवला आणि खुंटी जागेवर नाही हे ध्यानात येताच तो थबकला.

“खुंटी शेजारच्या घरात आहे,” चुलीपाशी ईस्टरची अंडी रंगवत बसलेली आनेझीना म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. “बायकोही तिथंच आहे. पण आलाच आहेस तर पाणी पिऊन जा.”

“दार तेवढं बघितलं नाही,” इसिदोरोस म्हणाला.

“बघून काय कळणार होतं? सकाळी पापा लिनार्दोस आले होते. सरळ आत येऊन विचारतात, ‘जेवण झालं का गं?’ मी म्हटलं, पापा, विधवेच्या घरात धर्मगुरूनं असं विचारू नये, गाव बोलतं.”

ती हसली. इसिदोरोसनेही हसून पाहिले; पण पाणी पिताना तो पेल्याच्या कडेवरून तिच्याकडे बारकाईने पाहत होता. पापा लिनार्दोस खरोखरच चुकून आत आले होते, की आनेझीनाने इसिदोरोसची लाज राखण्यासाठी ही गोष्ट रचली होती? पहिले खरे असेल तर दोष रंगाचा होता. दुसरे खरे असेल तर दोष कुणाचा, याचे उत्तर त्याला स्वतःशीही उच्चारायचे नव्हते.

रंगाची हकीकत अशी. या गावात दाराला रंग विकत घेण्याची रीत कधीच नव्हती. वसंतात मचव्याला रंग द्यायचा, आणि डब्याच्या तळाशी उरलेला रंग दाराला लावायचा. त्यामुळे कोणते दार कुणाचे हे बंदरात नांगरलेल्या मचव्यांकडे पाहून सांगता येई, आणि कोणता मचवा कुणाचा हे दारांकडे पाहून. इसिदोरोसचे दार नारिंगी होते. शेजारी, उजव्या हाताला, त्याच्या धाकट्या भावाचे, झानिसचे दार हिरवे. दोन्ही घरे बापाने एकाच मापाने बांधलेली. पायऱ्या, खिडक्या, आतला ओटा, सारे सारखे. निराळा होता तो फक्त रंग.

यंदा गावच्या समितीने ठरवले की सगळी दारे आणि खिडक्या एकाच निळ्या रंगाच्या असाव्यात. समितीचा प्रमुख कोझ्मास. पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने देणारा, तोंडाने गोड माणूस. त्याने कॉफीच्या दुकानात हा निर्णय वाचून दाखवला तेव्हा इसिदोरोस उठून उभा राहिला होता.

“परंपरा म्हणालास. कुणाची?”

“गावाची, बार्बा इसिदोरोस,” वडीलधाऱ्याला म्हणतात तसे कोझ्मास म्हणाला. “पांढऱ्या भिंती, निळी दारं. लोक समुद्र ओलांडून ते बघायला येतात.”

“माझ्या बापाचं दार विटकरी होतं. आजोबाचं काळं, कारण त्याला डांबराखेरीज काही परवडत नव्हतं. निळं दार या गल्लीत एकाचंही नव्हतं. जे कधी नव्हतं त्याला तू परंपरा कसं म्हणतोस?”

“चित्रात चांगलं दिसतं म्हणून,” कोझ्मास हसत म्हणाला. “बार्बा, तुझं म्हणणं बरोबर आहे. पण रंग आलाय.”

या उत्तराचे खंडन करता येत नव्हते, हेच इसिदोरोसला सर्वांत लागले. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात रंगारी आले आणि गल्लीतून निळा रंग फासत गेले. नेमका त्याच वेळी दक्षिणेचा दमट वारा सुटला. रंग सुकेना. मिटलेले दार चौकटीला चिकटून बसे, आणि ओढले की पापुद्रा निघे. म्हणून सगळ्या गावाने दारे सताड उघडी ठेवली. पांढऱ्याशुभ्र भिंती, त्यांच्या फटींतून लोंबणारी केपरची झुडपे, फरसबंदीच्या सांध्यांत ओढलेल्या चुन्याच्या रेषा, आणि दोन्ही बाजूंना एकसारखी निळी, उघडी दारे. गाव कधी नव्हते इतके सुंदर दिसत होते. इसिदोरोस त्यातून भिंतीला हात लावत चाले.

शुक्रवारी दुपारच्या बोटीने त्याची मुलगी आर्गिरो पिरायस शहरातून आली. तिने वडिलांना मिठी मारली, त्यांची कॉलर सरळ केली, आणि ते काय बोलतात यापेक्षा कसे बोलतात याकडे ती लक्ष देते आहे हे इसिदोरोसला लगेच कळले. गेल्या शरद ऋतूत बंदरावरून घरी येताना तो कबरस्तानाच्या वाटेने वर गेला होता. एका धनगराने त्याला हाताला धरून आणले. “बोलत बोलत गेलो, ध्यानात राहिलं नाही,” असे त्याने सांगितले होते. कुणाशी बोलत, हे मात्र कुणी विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी तो अंगणात बाकावर बसला होता, आणि खिडकीही रंगासाठी उघडीच होती.

“खोली तयार आहे, आई,” आर्गिरो म्हणत होती. “तळमजल्यावरची. जिना नाही, काही नाही.”

“तिथं तो काय करील? बाल्कनीतून बस मोजील?”

“इथं एखाद्या दिवशी कड्यावरून जाईल.”

“तू ईस्टरपर्यंत थांबेन म्हणाली होतीस,” मारूसो म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी नव्हती, केवळ कराराची आठवण होती. “बघ. पानायियाच्या पुढं कंदील घेऊन चालेल तो. सगळं गाव फिरवील. मग सांग मला, नवरा हरवलाय का ते.”

“आणि चुकला तर?”

भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

पानायिया म्हणजे टेकडीवरच्या देवळातली मरियममाता. चांदीच्या पत्र्याने मढवलेली, काळवंडलेल्या चेहऱ्याची प्रतिमा. ईस्टरच्या दिवशी ती खाली येते आणि गावातल्या प्रत्येक घरात जाते. तिच्यापुढे कंदील घेऊन चालण्याचा मान इसिदोरोसच्या घराण्याचा. कंदील ज्या उंबरठ्यातून आत जाईल तिथे पानायिया जाते. वाहणारे विचारत नाहीत, आणि एकदा उंबरठा ओलांडला की तिला तशीच मागे फिरवत नाहीत. घरचे लोक दारात ऊद जाळून उभे असतात. मिटलेले दार दिसले की कंदील पुढे सरकतो. गावात असे दार एकच होते, ते झानिसचे.

भावाभावांचे भांडण मचव्याचे होते. मासेमारीचा परवाना परत करणाऱ्यांचे मचवे मोडून त्यांना मोबदला देण्याची सरकारी योजना आली, तेव्हा कंबरदुखीने घरी बसलेल्या झानिसने बापाने बांधलेला हिरवा मचवा देऊन टाकला. यंत्राने तो बंदरावरच, सगळ्यांच्या देखत, चिरडला. त्या रात्री इसिदोरोसने भरल्या दुकानात भावाला म्हटले होते, “म्हातारा जिवंत असता तर त्यालाही दिला असतास यंत्राखाली.” झानिसने प्याला खाली ठेवला आणि तो निघून गेला. त्यानंतर दोघांमध्ये एकच भिंत होती, पण तिच्यातून शब्द गेला नाही.

ईस्टरच्या सकाळी ऊन स्वच्छ होते, तरी रंग अजून ओलाच होता. इसिदोरोस कंदील उंच धरून चालू लागला. मागे प्रतिमा वाहणारे चौघे, पापा लिनार्दोस, आणि त्यांच्या बरोबरीने आर्गिरो. वरच्या आळीतली घरे त्याने नीट घेतली. चक्कीजवळची, बेकरीची, कोझ्मासचीसुद्धा. “ख्रिस्त उठला!” “खरोखर उठला!” असे म्हणत लोक मिठाई पुढे करत होते. एका घरी म्हातारीने त्याला विचारले, “काय रे, यंदा सगळ्यांची दारं एकाच बाईच्या लुगड्याची केलीत का?” सगळे हसले, आणि इसिदोरोसला वाटले, हे आपल्याला जमते आहे.

मग तो आपल्या गल्लीत वळला.

दोन्ही बाजूंना उघडी निळी दारे होती. चुन्यावरून उसळणारे ऊन डोळ्यांत शिरत होते. मिटलेल्या दाराच्या पुढचे ते आपले घर, अशी खूण त्याने इतकी वर्षे धरली होती. आज मिटलेले दार नव्हते. मारूसो ऊद घेऊन दारात असेल, तीच खूण, असे त्याने मनाशी ठरवले होते. पण निखारे मंदावले म्हणून मारूसो त्याच क्षणी फुंकर घालायला आत गेली होती. एका दारातही बाई दिसेना. मागे चौघांचे पाय वाजत होते. थांबलो तर आर्गिरोला कळेल, एवढेच त्याला कळले. पायरी ओळखीची वाटली, आणि तो आत गेला.

“ऊद कुठाय?” तो मोठ्याने म्हणाला. “विझला वाटतं.”

ओटा जागेवर होता. खिडकी जागेवर होती. त्याने टोपी काढून खुंटीला लावली, खुंटीही होती. मात्र समोरच्या भिंतीवर, जिथे आर्गिरोच्या लग्नाचा फोटो हवा, तिथे एक हिरवी फळी टांगलेली होती. फळीच्या एका टोकाला यंत्राच्या दातांनी कुरतडल्याच्या खुणा होत्या, आणि तिच्यावर बापाच्या हातची, जरा उजवीकडे कललेली अक्षरे होती. मचव्याचे नाव.

फळीखाली, टेबलापासून झानिस उठून उभा राहिला. त्याच्या हातात अर्धवट सोललेले अंडे होते.

चौघांनी पानायिया आत आणली. पापा लिनार्दोसांनी एकदा झानिसकडे, एकदा इसिदोरोसकडे पाहिले आणि काही न विचारता स्तोत्र सुरू केले. झानिसने अंडे खाली ठेवले, हात विजारीला पुसले. तो इसिदोरोसच्या चेहऱ्याकडे पाहत होता. इसिदोरोसची नजर फळीवरून खुंटीवर, खुंटीवरून दाराकडे, आणि पुन्हा फळीवर फिरत होती.

स्तोत्र संपले. आर्गिरो पुढे आली.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “तू इथं का आलास?”

खोलीतला प्रत्येक जण दुसरीकडेच कुठेतरी पाहू लागला.

“का म्हणजे?” झानिस म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज घोगरा झाला होता. “मी बोलावलं म्हणून. दार उघडं दिसत नाही तुला?”

“दारं सगळ्यांचीच उघडी आहेत, काका.”

“सगळ्यांची रंगासाठी. माझं पानायियासाठी. शुक्रवारी सांगितलं मी त्याला. तो त्याच्या पायरीला चुना लावत होता. मी म्हटलं, यंदा ये. त्यानं मान हलवली. तेवढीच हलवतो तो, तुला ठाऊक आहे. शब्द वाया घालवायचा तर तो दुकानात.”

वाहणाऱ्यांपैकी एकजण खुदकन हसला.

“खरं का, बाबा?”

इसिदोरोसने तोंड उघडले. आयुष्यात त्याने पुराव्यावाचून कुणाचे म्हणणे मान्य केले नव्हते, आणि इथे तर झानिसचे म्हणणे खोडणारा पुरावा त्याच्यापाशी होता. शुक्रवार. ख्रिस्ताच्या मरणाचा शुक्रवार. त्या दिवशी या गावात कुणी खिळा ठोकत नाही, सुईत दोरा ओवत नाही, कुदळ उचलत नाही. चुन्याच्या बादलीला त्या दिवशी कुणाच्या बापानेही हात लावला नव्हता. हे त्याला लख्ख आठवत होते. आज सकाळपासून इतके लख्ख काहीच आठवले नव्हते.

त्याने भावाकडे पाहिले. झानिसचे केस पांढरे झाले होते. शर्टाचे एक बटण चुकीच्या काजात गेले होते. ओट्यावर एकच ताट, एकच पेला. हा इथे एकटा असतो, आणि याला वार आठवत नाहीत. चुकीचा दिवस सांगतो, आणि तोही सगळ्या गावापुढे, धर्मगुरूंपुढे, इतक्या ठामपणे! आपण एकदा दुकानात सगळ्यांसमोर बोललो होतो. पुन्हा सगळ्यांसमोर नको.

“खरं आहे,” तो म्हणाला. “शुक्रवारीच सांगितलं होतं त्यानं.”

आर्गिरो या गावातच वाढली होती. तिने काकांकडे पाहिले, मग वडिलांकडे. तिचे ओठ काही बोलण्यासाठी विलग झाले. मग ती पानायियापुढे वाकली, चांदीवर ओठ टेकवले, आणि नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ तशीच राहिली. सरळ झाली तेव्हा म्हणाली,

“काका, मिठाई नाही का काही? इतक्या वर्षांनी आलीय पानायिया तुझ्याकडे.”

“अंडी आहेत,” झानिस म्हणाला. “आनेझीनानं दिलेली.”

त्याने लाल अंडी वाटली. पापा लिनार्दोसांनी घाईघाईने दोन झग्याच्या खिशात टाकली. शेजारच्या दारातून मारूसोचा आवाज आला, “अरे, कुठं गेले सगळे? निखारे पेटलेत!” आणि धूर गल्लीत वळून आत आला.

इसिदोरोसने कंदील उचलला. वाहणारे सावरून उभे राहिले. झानिस दारापर्यंत आला, आणि तिथे चौकटीला हात लावू की नको अशा घोटाळ्यात थांबला. एवढी माणसे पाहून तो बावरला असावा. इसिदोरोसने कंदील डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने भावाचा दंड धरला.

“बरोबर चल माझ्या,” तो त्याच्या कानाशी, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला. “वार लक्षात राहत नाहीत, एवढंच ना? होतं असं. रोज सकाळी माझ्याकडे येत जा, मी सांगत जाईन.”

झानिसने मान हलवली.