शिराहाराला जाणारी गाडी

तोकुजीनं फोन आपटला. आपटला म्हणजे खरोखर आपटला. सायकलीच्या दुकानातल्या टेबलावरचा सुट्या छऱ्यांचा डबा त्या हादऱ्यानं पालथा झाला आणि छरे सगळ्या फरशीभर पळाले.

"काय म्हणाले?" नाओएनं आतल्या खोलीतून विचारलं.

"काय म्हणणार? बसवाला म्हणतो, वरच्या विश्रामगृहात मुक्कामाची जागा पक्की करा, मग बसची जागा देतो. विश्रामगृहवाला म्हणतो, बसची जागा पक्की करा, मग मुक्कामाची देतो. आणि दोघंही इतक्या गोड आवाजात बोलतात की शिवी देता येत नाही!"

"मग देऊ नका," नाओए म्हणाली.

तोकुजी गुडघे टेकून छरे गोळा करू लागला. बायको मदतीला आली नाही. पूर्वी आली असती. पण दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांचं असं झालं होतं की मधलं तेवढं दिसायचं आणि कडेचं सगळं काळं. नळीतून बघावं तसं. ती नळी दिवसेंदिवस अरुंद होत चालली होती. डॉक्टरनं हिवाळ्यात सांगितलं होतं, जे बघायचं ते या उन्हाळ्यात बघून घ्या, पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही.

आणि बघायचं होतं एकच. शिराहारा.

लग्नाआधी दोन उन्हाळे तोकुजी पाठीवर तांदळाची पोती आणि तेलाचे डबे बांधून डोंगरावरच्या विश्रामगृहांना सामान पोचवायचा. तेव्हा त्यानं शिराहाराचं पाणथळ पठार पाहिलं होतं. जुलैत तिथल्या गवताला पांढरी बोंडं फुटतात, कापूस वेचायचा राहून गेल्यासारखं सगळं पठार पांढरं होतं. नाओएशी पहिल्यांदा बोलताना, दुसरं काहीच सुचेना म्हणून, त्यानं तिला हेच सांगितलं होतं. वर म्हणाला होता, दाखवीन तुला. मग दुकान झालं, मुली झाल्या, आईचं अंथरूण झालं, आणि जुलै म्हणजे शाळेला सुट्टी लागायचे दिवस, गावातली सगळी पोरं पंक्चर झालेल्या सायकली घेऊन दारात. दरवर्षी पुढच्या वर्षी. आता पुढचं वर्षच उरलं नव्हतं.

बरं, जायचं म्हटलं तरी हे काय बाजारात जाणं आहे? धरणाकडून वर जाणारा रस्ता नोव्हेंबरात बर्फाखाली जातो तो थेट जूनमध्ये निघतो. म्हणजे निघाला तर. तोकुजीनं एप्रिलपासून रस्तेवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. तिथला माणूस दर वेळी म्हणायचा, "बर्फ काढायचं काम चालू आहे, साहेब, पण नक्की तारीख सांगणं जरा अवघड आहे." अवघड! चार महिने बुलडोझर चालवतात आणि तारीख अवघड! बस सुटते ती फक्त शनिवार-रविवारी. विश्रामगृहाचा फोन लागतो तो सकाळी, आणि तोही आभाळ स्वच्छ असेल तर. ढग आले की नुसती खरखर. तोकुजी रोज सकाळी दात घासायच्या आधी दुकानाबाहेर येऊन डोंगराकडे बघायचा आणि ढग दिसले की त्यांना नावं ठेवायचा.

शेवटी तो खोटं बोलला. बसवाल्याला सांगितलं, मुक्कामाचं झालंय. विश्रामगृहवाल्याला सांगितलं, बसचं झालंय. दोन्हीकडे जागा पक्की झाली. खोटं बोलताना तो फोनसमोर कमरेतून वाकून नमस्कार घालत होता.

"एवढं वाकायला काय झालं? त्याला दिसतंय थोडंच!" नाओए हसली.

"मला दिसतंय ना, मी काय करतोय ते," तोकुजी गुरगुरला.

आणि जूनच्या शेवटी दरड कोसळली. माणूसबिणूस कुणी गेलं नाही, पण धरणाकडच्या रस्त्याचा एक तुकडाच्या तुकडा खाली नदीत गेला. बस बंद. किती दिवस? "आत्ताच सांगणं जरा अवघड आहे, साहेब."

तोकुजीच्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्यानं जेवण टाकलं. नाओएनं वाटी त्याच्यापुढे सरकवली, तशी ती टेबलाच्या कडेवरून खाली गेली आणि सूप सगळ्या चटईवर.

"जाऊ द्या हो," ती म्हणाली. "नाही जमलं तर नाही जमलं. मी काय रडत बसणार आहे?"

"मी बसणार आहे!" तोकुजी ओरडला. "तू गप्प बस. मी नेणार म्हणजे नेणार."

पलीकडच्या बाजूनं एक वाट होती. जुनी, जंगलखात्याची. तिच्या फाटकाला कुलूप, खासगी गाड्यांना बंदी, आणि आत जायची परवानगी असलेली गाडी एकच, पायथ्याच्या ओरिया गावातली. बापलेकींचा धंदा. बाप गाडी चालवायचा, लेक मिनोरी फोन घ्यायची, बापाला बरं नसलं की तीच चालवायची. त्या वाटेनं वर गेलं की पुढे तासाभराचं चालणं, तेही लाकडी फळ्यांवरून, सपाट. तोकुजीनं फोन केला. मिनोरी म्हणाली, जुलैचा दुसरा शनिवार रिकामा आहे. विश्रामगृहाचा इगाराशी सकाळी फोनवर म्हणाला, "यंदा बर्फ उशिरा वितळलाय, दुसऱ्या शनिवारी अगदी भरात असेल बघा. या, या." तोकुजीला वाटलं, चला, एकदाचं जमलं.

चार दिवस आधी मिनोरीचा फोन आला. दुकानात एक पोरगं रडत उभं होतं, तोकुजीचे दोन्ही हात ग्रीसमध्ये, फोन खांद्यात धरलेला.

"साहेब, एक विचारायचं होतं," मिनोरी म्हणाली. "फोटो काढणाऱ्यांचा एक गट आहे, त्यांना शनिवारी अख्खी गाडी हवीय. तुम्ही दोघंच आहात, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. तुमची जागा ठेवायची का?"

"असू दे, असू दे!" तोकुजी म्हणाला.

"असू दे ना? बरं बरं. माफ करा हं साहेब, त्रास दिला तुम्हाला."

माफी काय, इकडे पोस्टमन टपाल देतानाही मागतो. तोकुजीला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं पोराच्या चाकाची ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे शोधायला लागला.

शनिवारी पहाटेच्या ट्रेननं दोघं ओरियाला उतरली. नाओएनं नवे बूट घातले होते, पाठीला भाताचे मुटके. स्टेशनाबाहेर गाडी उभीच होती आणि तिच्यात लांबलचक कॅमेरे मांडीवर घेतलेली माणसं खच्चून बसलेली. मिनोरीचा बाप स्टिअरिंगवर होता. त्यानं तोकुजीकडे पाहिलं, टोपी काढली, आणि म्हणाला, "आपण कोण?"

पुढचं सगळं स्टेशनासमोर झालं, भर रस्त्यात. तोकुजीनं मिनोरीला फोन लावला.

"अहो साहेब, तुम्हीच म्हणालात की असू दे!"

"हो, म्हणालो! असू दे म्हणजे असू दे!"

"म्हणून तर दिली मी त्यांना!"

"अगं बाई, असू दे म्हणजे ठेव! माझी जागा असू दे!"

"असू दे म्हणजे... नको ना?" मिनोरी म्हणाली. "म्हणजे, राहू दे, कशाला? आम्ही सगळे तसंच म्हणतो. दुकानात पिशवी हवी का विचारलं तरी असू देच म्हणतो."

"तुम्ही काय म्हणता ते चुलीत घाल! मी साठीचा माणूस आहे, मी पिशवी मागत नव्हतो!"

तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की कॅमेरेवाले आपापल्या बुटांकडे बघायला लागले. त्यांच्यातला एक चष्मेवाला खाली उतरला, दोनतीनदा वाकला. म्हणाला, दाटीवाटीनं एक जागा होईल, बाईंना घेऊन जातो आम्ही, जपून नेतो, जपून आणतो.

"जा!" तोकुजीनं नाओएचा दंड धरला. "जा, मी इथे थांबतो. मी बघितलंय."

"तुमच्याशिवाय मी कशाला?"

"अगं तुला बघायचंय की मला? आज भरात आहे ते! जा!"

"नाही जात." नाओएनं त्याची बाही घट्ट धरली. "तुम्ही नाही तर मी नाही. ओढू नका मला, लोक बघतायत."

त्याला तिचा अस्सा राग आला! एवढी चार महिने मरमर केली, ढगांशी भांडलो, देवमाणसांशी खोटं बोललो, आणि ही बाई ऐनवेळी नव्या नवरीसारखी बाही धरून उभी. गाडी गेली. परतीची ट्रेन दुपारची होती. दोघं बाकावर बसली आणि भाताचे मुटके खाल्ले.

पुढची रिकामी तारीख जुलैच्या अखेरची निघाली. "ठेवायची का?" मिनोरीनं विचारलं आणि घाईघाईनं म्हणाली, "हो किंवा नाही म्हणा, साहेब, मी पाया पडते."

"हो," तोकुजी म्हणाला. "हो. हो. तीनदा सांगितलं."

मधले दिवस पावसानं झोडपले. समुद्रावरून वादळाचं शेपूट फिरून गेलं आणि तीन दिवस नुसतं कोसळत होतं. तोकुजी दुकानाच्या दारात उभा राहून पागोळ्यांकडे बघायचा आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा. त्या बोंडांना जोराचा पाऊस सोसत नाही हे त्याला माहीत होतं. इगाराशीला फोन लागेना, नुसती खरखर. लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी या आठवड्यात तिकडे फिरकलोच नाही हो, छप्पर गळतंय इथे. असेल थोडंफार."

निघायच्या आदल्या दिवशी नाओएनं त्याला गोडाचा खोका आणायला पाठवलं.

"कुणाला?"

"त्या मुलीला. भर रस्त्यात तिला बोललात. चुलीत घाल म्हणणं शोभतं का आपल्याला?"

"घोटाळा तिनं केला आणि खोका मी द्यायचा?"

"द्यायचा," नाओए म्हणाली. मग त्यानं आणला.

या खेपेला गाडी मिनोरीच चालवत होती. विशीबाविशीची पोरगी, गळ्यात टॉवेल. खोका घेताना ती वाकली, तोकुजी वाकला, मग ती आणखी वाकली.

"माझी आजीसुद्धा ओरडते मला या शब्दावरून," ती म्हणाली.

"शहाणी आहे तुझी आजी," तोकुजी म्हणाला, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

फाटक उघडलं, बंद झालं. वाट वळणावळणांची, वर वर. हवा धुतल्यासारखी लख्ख होती, एक ढग नाही. नाओए खिडकीला कपाळ टेकून बसली होती. मिनोरीनं त्यांना वाटेच्या टोकाला सोडलं आणि उद्या न्यायला येते म्हणाली.

पुढे फळ्यांची वाट. तोकुजी पुढे, नाओए मागे, त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरून. ती पट्टा सोडायलाच तयार नव्हती.

"सपाट आहे गं, जरा मोकळी चाल!"

"चालतेय ना. चला तुम्ही."

त्याला वाटलं, बूट नवे आहेत, चावत असतील. शेवटचं देवदारांचं रान संपलं, वाट डावीकडे वळली आणि समोर शिराहारा उघडं पडलं.

हिरवं. सगळं हिरवंगार, पार लांबपर्यंत. वाऱ्यानं गवत लवत होतं आणि त्यात एक पांढरं बोंड नव्हतं. फळ्यांच्या कडेला काड्यांना चिखलात भिजलेले धागे चिकटले होते, तेवढंच. पावसानं सगळं धुऊन नेलं होतं.

तोकुजी जागच्या जागी थांबला. कुणावर ओरडणार होता? बर्फावर? दरडीवर? बसवाल्यावर? त्या पोरीवर ओरडून झालं होतं आणि तिला खोकाही देऊन झाला होता. दोन आठवडे! एका शब्दापायी दोन आठवडे गेले आणि तो शब्द त्याच्याच तोंडून निघाला होता. आता हिला काय सांगायचं? चुकलं म्हणून सांगायचं, दुसरं काय. तो वळला.

नाओए त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तोंडावर वारा घेत होती. तिनं हनुवटी जरा वर केली आणि हसली.

"अगंबाई," ती म्हणाली. "किती पांढरं आहे हो! अगदी तुम्ही सांगायचात तस्सं."

तोकुजीनं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते पठारावर नव्हतेच. पठाराच्या वर, कुठेतरी भलतीकडे, मोकळ्या आभाळात लागले होते. ती वाटी, ती बाही, तो पट्टा, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. कधीपासून? एप्रिलपासून? त्याच्याही आधीपासून? तो ढगांशी भांडत होता तेव्हा ही आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती आणि नेऊ देत होती त्याला.

त्याला ओरडावंसं वाटलं.

"हो," तो म्हणाला. "यंदा जरा जास्तच फुललंय."

"कुठपर्यंत आहे?" तिनं विचारलं. "नीट सांगा ना."

"पार पलीकडच्या झाडांपर्यंत," तोकुजी म्हणाला, आणि तिचा हात हातात घेऊन, जिथे काहीच नव्हतं तिकडे तिच्याच बोटानं दाखवू लागला.