टीप मारलेली पाच पानं

मित्रांनो, मी मापांची एक जुनी, जाडजूड वही आहे. पुढून उघडलंत तर छाती, कंबर, बाही. मागून उघडलंत तर धाकटी. धाकटी म्हणजे या शिवणघरातली लेक. मागच्या पानांवर ती स्वतःबद्दल लिहायची. पहिला झगा कसा बिघडला, काज करायला जमलं तो दिवस, मैत्रिणीशी अबोला. मला कोण अभिमान वाटायचा!

मग एका दुपारी तिने सलग पाच पानं लिहिली. ज्या मास्तरांकडे ती शिवण शिकायला जायची, त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली होती. पेन माझ्यात रुतत होतं.

आईच्या हाती ती पानं लागली. फाडायला तिचा हात धजेना. तिने मला मशीनखाली सरकवलं आणि पानांच्या तिन्ही मोकळ्या कडांना दुहेरी टीप मारली. "लोकांना बोलायला निमित्त कशाला द्यायचं? विषय बंद," ती म्हणाली.

चौदा वर्षं माझी ती पानं गुदमरली. धाकटी पुढे लिहीत राहिली, पण टिपेवरून बोट फिरवल्याशिवाय तिचं पान उलटत नसे. मला ओरडावंसं वाटे. वहीला कुठलं तोंड?

मग धाकटीच्या लिखाणाचं पुस्तक करायला एक संपादकबाई आल्या. मला चाळून आणि टिपेआड काय आहे ते धाकटीकडून ऐकून म्हणाल्या, "ही पाच पानं उसवा. लोकांना हेच हवंय. बाकीची काजं-बटणं गाळू."

"मग मी उरले कुठे, बाई?" धाकटी म्हणाली. "सगळी वही छापा, नाहीतर राहू द्या."

बाई गेल्या. धाकटी मला पुन्हा खणात ठेवायला निघाली.

तेवढ्यात आई मशीनवरून उठली. "टीप माझी आहे. उसवू का गं?"

धाकटीने होकारार्थी मान हलवली. आईने एकेक टाका काढला आणि उभ्याउभ्याच पाचही पानं वाचली.

"मी तेव्हा दोनच ओळी वाचल्या होत्या," ती रडत म्हणाली. "आता पुढचं वाचू?"

"नाही," धाकटी म्हणाली. "पहिल्या झग्यापासून वाच."

मित्रांनो, मी अजून छापली गेले नाही, आणि माझ्या कडांची भोकं बुजायची नाहीत. पण कुणी आपली वही तुमच्या हाती दिली, तर तिला टीप मारू नका. नेमकी तीच पानंही शोधू नका. ती सांगेल तिथून वाचा.