वाकल्यावर तुटणारा सिग्नल

दुपारी साडेतीनला माझ्या लॅपटॉपवरची बाबांच्या हृदयाची रेघ अचानक सपाट झाली.

ते शेजारच्याच खोलीत होते. खुर्ची उलटली ती तशीच टाकून मी धावले. बाबा पलंगाखाली हात घालून चप्पल शोधत होते.

"काय गं? तोंड का असं पांढरंफटक पडलंय?"

मी त्यांचं मनगट धरलं; नाडी नीट चालू होती.

अंगावर घालायच्या अँटेना हा माझ्या संशोधनाचा विषय. वीज वाहून नेणाऱ्या कापडाची पट्टी छातीवर चिकटवायची. ती हृदयाचे ठोके कमरेच्या पट्ट्यातल्या काडेपेटीएवढ्या डबीकडे बिनतारी पाठवते. बाबा निवृत्त लाइनमन. उभा जन्म टेलिफोनच्या खांबांवर गेलेला. "बापानं तारा जोडल्या, लेक तारा तोडायला निघालीय," असं ते येईल त्याला ऐकवत.

तीन महिन्यांपासून त्यांना चक्कर यायची, तीही वाकल्यावरच. दोनदा पडले. थोरले काका असेच वाकले असताना हृदय बंद पडून गेले होते, त्यामुळे घरात सगळ्यांच्या मनात एकच भीती. तपासणीसाठी इस्पितळात एक दिवस ठेवलं, पण तिथे पडून राहिल्यामुळे चक्कर आलीच नाही. आमच्या प्रयोगाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चक्कर येते नेमक्या त्या क्षणाचे ठोके मला हवेत. हृदय थांबत असेल तर पेसमेकर बसवावा लागेल."

आणि माझी पट्टी नेमकी त्याच क्षणी मुकी होत होती!

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले. तिथे माणसाच्या अंगासारख्या जेलचा धडाचा पुतळा आहे. आठ महिने पट्टी त्याच्यावर प्रत्येक चाचणीत पास झाली होती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसत म्हणाला, "तुझा पुतळा कधी चप्पल शोधतो का?"

पट्टी मी स्वतःच्या छातीवर लावली आणि वाकले. कापडाला घडी पडली आणि यंत्रावर अँटेनाची फ्रिक्वेन्सी भलतीकडेच सरकली. त्यात डबी पोटाच्या वळीत दबली. पोटातून रेडिओलहरी जातात कुठे? आपलं अंग म्हणजे खारट पाण्याची पिशवीच.

आधीचे निकाल सुंदर होते. ते तसेच ठेवून गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. मग मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"मॅडम, माणूस वाकला की आपली पट्टी आंधळी होते. माझे सगळे आकडे न वाकणाऱ्या पुतळ्याचे आहेत."

त्या म्हणाल्या, "बरं झालं वेळेवर सांगितलंस. आता दुरुस्त कर."

अकरा दिवस लागले. पट्टी लहान केली आणि गळ्याच्या हाडाखाली आडवी लावली, तिथे कातडीला घडी पडत नाही. अंग आणि अँटेना यांच्यामध्ये दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा आणि वीजवाहक कापडाचा आणखी एक थर घातला. डबी कमरेवरून दंडावर बांधली.

मग इस्पितळात आम्ही चौघं जमलो. आईने बाबांची पिशवी पोटाशी घट्ट धरली होती.

"वाका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाबा वाकले, उठले, पुन्हा वाकले. सातव्या वेळी त्यांनी खाटेची दांडी गच्च पकडली. "आली! फिरतंय सगळं."

मी स्क्रीनकडे पाहिलं. ठोक्यामागून ठोका, सारख्या अंतरावर. एकही चुकला नव्हता, रेघ कुठे तुटली नव्हती.

"काय गं? बोल ना!" आई म्हणाली. मी स्क्रीन डॉक्टरीणबाईंकडे वळवला.

डॉक्टरीणबाईंनी बाबांना झटकन आडवं केलं, मान एका बाजूला वळवली आणि त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. बुबुळं थरथरत होती. "हृदय ठणठणीत आहे. कानाच्या आतले तोल सांभाळणारे बारीक कण जागचे हललेत, म्हणून वाकलं की चक्कर येते." मग ते कण जागेवर बसवायला त्यांनी बाबांची मान या बाजूला, त्या बाजूला अशी काही वेळ वळवली आणि त्यांना उठवून बसवलं. बाबा जपून वाकले. पुन्हा वाकले. आणि हसू लागले.

"म्हणजे दुखणं कानाचं, आणि तीन महिने जीव टांगणीला आमचा!" आई पदराने डोळे पुसत म्हणाली.

घरी आल्यावर बाबा ढाराढूर झोपले. आई फोन घेऊन बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. एकेका नातेवाइकाला सांगत होती. कमी ऐकू येणाऱ्या मामांना तर तिने तीनदा ओरडून सांगितलं, "अरे दादा, हृदय नाही! कान! कान!"