सकिना वाघजाईवर गेली

महाडच्या मागे वाघजाईचा डोंगर आहे. रविवारी अर्धं शहर तिथे चढतं. कॉलेजची पोरं, सुट्टीला आलेले मुंबईकर, नवी जोडपी, सगळे. अर्ध्या वाटेवर एक वाडी लागते, तिच्या वर देवीचं ठाणं आणि सगळ्यांत वर टोक. टोकाच्या अलीकडे कड्याला चिकटून जाणारी अरुंद वाट आहे. तिथेच सकिनाच्या मुलाचा, अनसचा, पाय निसटला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता तो.

अनसचे वडील सईद कुवेतला ट्रेलर चालवायचे. ते मातीला पोचले नाहीत. सगळं केलं ते त्यांच्या मोठ्या भावाने, गनीभाईंनी. दवाखाना, पोलीस, कब्रस्तान, आल्यागेल्याला चहा. गनीभाईंचे चार टेम्पो होते, गावात शब्दाला वजन होतं. त्या दिवसापासून घरातही त्यांचाच शब्द चालायला लागला आणि सकिनाने तो चालू दिला. तेव्हा तिच्यात दुसरं काही करायचं त्राणच नव्हतं.

दोन वर्षं अशीच गेली.

अनसच्या पाठची झोया तोवर बी.एस्सी.ला गेली होती. डिसेंबरात एका संध्याकाळी ती घरी आली आणि ओटीवर बसलेल्या गनीभाईंना म्हणाली, "मोठे अब्बा, आमच्या बॉटनीच्या मॅडम सगळ्यांना वाघजाईवर नेणार आहेत. झाडं ओळखायला. त्याला मार्क आहेत."

गनीभाईंनी हातातला पेपर खाली ठेवला. "अनसचं काय झालं, विसरलीस?"

झोयाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आणि आता विषय निघालाच आहे तर सांगतो. परीक्षा झाली की कॉलेज पुरे. म्हसळ्याहून चांगलं स्थळ आलंय. एक पोर डोंगराने नेलं, दुसरं मी सांभाळणार."

झोया "बरं" म्हणून आत गेली आणि ताटं मांडायला लागली.

चुलीपुढे बसलेल्या सकिनाला ते "बरं" लागलं. ही पोर लहानपणी अंडं कोणाला मोठं मिळालं यावरून भावाशी तासभर भांडायची. आता ती 'बरं' म्हणते. सकिनाला एकेक आठवायला लागलं. झोयाने सायकल मागितली, तेव्हा अनस. संध्याकाळचा कॉम्प्युटर क्लास लावायचा म्हणाली, तेव्हा अनस. मैत्रिणीच्या लग्नाला पोलादपूरला जायचं होतं, तेव्हाही अनस. जिवंत होता तेव्हा हाच पोरगा बहिणीला डबलसीट बसवून गांधारीच्या पुलापर्यंत न्यायचा. आणि आता त्याच्याच नावाने तिला घरात बसवत होते. आपण ते दोन वर्षं ऐकत बसलो, हे मनात आलं तेव्हा सकिनाच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

रविवारी सकाळी तिने झोयाला हलवून उठवलं.

"बूट घाल. वाघजाईवर जायचंय."

झोया उठून बसली. "कोण?"

"तू नि मी."

"अम्मी, मोठे अब्बा..."

"त्यांना मी बघते. तू बूट घाल."

सकिनाकडे स्वतःचे बूट नव्हते. सईदनी मागच्या खेपेला स्वतःसाठी आणलेले स्पोर्ट्स शूज कपाटात होते. तिने दोन जोड मोजे चढवले, नाड्या आवळल्या, बुरखा घातला आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. मायलेकी अंगणात आल्या तर गनीभाई टेम्पोच्या काचा पुसून घेत उभे होते. त्यांची नजर आधी बुटांवर गेली.

"कुठे निघालात?"

"वाघजाईवर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"नाय, भाईजान. आता ठिकाणावर आलंय."

"मी सईदला फोन लावतो."

"लावा. मीही काल लावला होता."

हे खरं होतं. शुक्रवारचा फोन सईदचा असायचा, पण शनिवारी सकिना स्वतः बाजारातल्या बूथवर गेली होती. सईद म्हणाले होते, भाईला विचार. ती म्हणाली होती, मी विचारायला नाय, सांगायला फोन केलाय. मग लाइन खरखरली आणि तिने ठेवून दिला.

गनीभाई फाटकात येऊन उभे राहिले. "रिक्षा मिळणार नाही तुम्हाला. नाक्यावर मी सांगून ठेवतो."

"एसटी आहे," सकिना म्हणाली. "ती तुमच्या सांगण्यावर चालत नाय."

दोघी त्यांच्या बाजूने निघून गेल्या.

पायथ्याशी एसटीतून उतरल्यावर सकिनाने बुरख्याचा घेर कमरेला खोचला आणि चढायला सुरुवात केली. लिंबूसरबतवाला नुकताच माठ मांडत होता. पोरांची एक टोळी टेप वाजवत पुढे गेली. पहिल्या चढातच तिला दम लागला. महाडचे काही ओळखीचे लोक वरून उतरत होते, पहाटे जाऊन आलेले. बायका एकमेकींना कोपर मारून कुजबुजल्या, "ती बघ, अनसची आई." एक पुरुष थांबून म्हणाला, "भाभी, तुम्ही? इथे?"

"का? रस्ता बंद आहे का?" सकिनाने विचारलं. तो वाटेतून बाजूला झाला.

वाडीपर्यंत पोचेतो ऊन चांगलं वर आलं होतं. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई नाचणी पाखडत होती. तिने सुपातून मान वर केली, झोयाकडे बघितलं आणि सूप खाली ठेवून उठली.

"गो बाय, तू त्या पोराची भैन. तोच तोंडवळा हाय."

तिचं नाव तुळसा. ती मग सकिनाकडे वळली आणि काही न विचारता तिचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं. आतून गूळ-पाणी आणलं.

"माज्या घरवाल्यानं नि वाडीतल्या मानसांनी झोळी करून खाली नेला त्याला," तुळसा म्हणाली. "भागोजी रानात गेलाय, नायतर त्यानंच सांगितलं असतं. आमी येनार होतो गो महाडला तुला भेटायला. पन तुमचा तो मोठा दीर आला, म्हनला, येऊ नका. आई सावरली नाय, तिला तरास होतो."

सकिनाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिला हे ठाऊकच नव्हतं. घरात सगळे म्हणत होते, पोरं वर काहीतरी पिऊन धिंगाणा करत असणार, म्हणून पडला. तिच्यासमोर कोणी म्हणत नसे, पण भिंतीपलीकडचं ऐकू येतंच.

"तो कसा होता?" तिने विचारलं. "त्या दिवशी. चढताना."

"हितंच बसला व्हता, तू बसलीस तितं. भाकर नि चटनी खाल्लान. म्हनला, मावशी, माजी आई दासगावची, खाडीवर वाढलेली. तिला एकदा वर आनून सगळी खाडी दाखवायची हाय. मी म्हनलं, येल का ती? तर हसला. म्हनला, माज्या सांगन्यानं येनार नाय. पन तिच्या मनात आलं ना, तर कोनाच्या बापाला ऐकनार नाय."

झोया तोंड फिरवून गोठ्याकडे बघत राहिली. सकिना रडली नाही. तिने नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या.

"मला ती जागा दाखवशील?"

"चल," तुळसा म्हणाली आणि अनवाणीच पुढे झाली.

देवीचं ठाणं मागे पडलं, झाडी संपली आणि वाट कड्याला चिकटली. एका बाजूला काळा खडक, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. अपघातानंतर कोणीतरी खडकात लोखंडी साखळी ठोकली होती. तुळसाने बोटाने खाली एक उंबराचं झाड दाखवलं. सकिनाने बघितलं. दोन वर्षं डोळे मिटले की तिला ही जागा दिसायची. काळोखी, आरडाओरडा भरलेली. इथे तर ऊन होतं, वाळलेलं गवत होतं, एक घार खालच्या खाली फिरत होती. तिने ओढणी नीट केली, हात उघडले आणि फातिहा पढली. देवीपाशी रेंगाळून मागून येणाऱ्या टेपवाल्या पोरांना तुळसाने तोवर हाताने थांबवून धरलं. टेपही त्यांनी बंद केला.

मग सकिनाने साखळी धरली आणि खडकाकडे तोंड करून, एकेक पाऊल सरकवत पलीकडे गेली. मधेच बुटाचा पुढचा रिकामा भाग दगडाला अडला, तो तिने हळूच सोडवून घेतला. आणि ती पोचली.

वळून बघते तर झोया अलीकडेच उभी. दोन्ही हातांनी साखळी धरलेली, चेहरा पांढरा.

"अम्मी, मला नाही जमणार. तुम्ही या परत."

"ये, झोया."

"भाई इथेच पडला ना. मी पण पडेन."

"भाई पडला म्हणून तू पडशील, हे तुला कोणी सांगितलं?"

झोयाने साखळी आणखी आवळून धरली.

"मीच," सकिना म्हणाली. "मी गप्प राहून सांगितलं. आता बोलून सांगते. त्याचं नाव घेऊन सगळ्यांनी तुला मागे ओढलं. आज मी त्याचं नाव घेऊन पुढे बोलावतेय. खाली बघू नको, माझ्याकडे बघ. डावा पाय."

तुळसा पुढे येऊन झोयाच्या मागे उभी राहिली. "मी हाय गो," एवढंच म्हणाली. झोयाने डावा पाय सरकवला. मधेच थांबली, मोठ्याने रडली, रडत रडत पुढे आली. शेवटच्या पावलाला सकिनाने तिचं मनगट असं धरलं की पुढे दोन दिवस वळ राहिले.

टोकावर वारा भणाणत होता. खाली महाड पसरलं होतं, मशिदीचा मिनार, बाजाराची कौलं, हायवेवरून मुंग्यांसारखे सरकणारे ट्रक. सावित्री वळण घेऊन दासगावकडे जात होती आणि तिथे खाडीचं पाणी पत्र्यासारखं चमकत होतं. माहेरचं गाव सकिनाने वरून कधी बघितलंच नव्हतं. खाडीतल्या ज्या खडकावर, खडपावर, ती बहिणीबरोबर शिंपल्यातली कालवं काढायची, तो खडप तिने शोधला. सापडला नाही. भरती असणार.

पोरं ओरडून ओरडून आपापली नावं घुमवत होती. झोया कडेला जाऊन उभी राहिली आणि एकदम सगळा जीव एकवटून ओरडली, "अनस!"

खालच्या दरीतून ते परत आलं. पोरं वळून बघायला लागली. झोयाने आईकडे बघितलं, चुकलं का, अशा नजरेने.

"पुन्हा," सकिना म्हणाली. "जोरात."

उतरताना गुडघे बोलायला लागले, पण दोघी संध्याकाळच्या आत पायथ्याला आल्या. सरबतवाल्याशेजारी गनीभाईंचा टेम्पो उभा होता. ते सकाळपासून तिथेच असावेत. शर्ट घामाने भिजलेला, दाढीवर धूळ.

"काही झालं असतं तर?" ते म्हणाले. "सईदला मी काय तोंड दाखवलं असतं? त्या पोराला या हातांनी उतरवलंय मी कबरीत. आणखी कोणाला उतरवायची ताकद नाही माझ्यात."

सकिनाला त्या क्षणी त्यांची कीव आली. हा माणूस दुष्ट नव्हता. घाबरलेला होता, आणि त्याची भीती तो सगळ्या घराला वाढत होता.

"तुम्ही केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाय, भाईजान," ती म्हणाली. "पण वाडीतल्या माणसांना माझ्या दारात येऊ दिलं नाय तुम्ही. माझ्या पोराचं शेवटचं बोलणं मला दोन वर्षांनी कळलं. ते माझं होतं. आणि झोयाचं कॉलेज सुटणार नाय. उद्यापासून घरात कोणी अनसचं नाव घेऊन तिला नको म्हटलं, तर मी पोरीला घेऊन दासगावला जाईन राहायला. सईदलाही हेच सांगणार आहे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आज दिवसभर म्हणतच होते."

गनीभाईंनी टेम्पोचं दार उघडलं. त्यानंतर चार महिने ते सकिनाशी बोलले नाहीत. जेवणाला हाक मारली की खाकरायचे, बस. सईद फोनवर आधी चिडले आणि शेवटी त्यांनी विचारलं, "वरून कुठवर दिसतं?" सकिनाने सांगितलं. कुवेतहून बोलण्याचे पैसे जळत होते, तरी त्यांनी मधे तोडलं नाही.

झोया मॅडमबरोबरही गेली आणि साखळीपाशी वर्गातल्या मुलींना हात देत उभी राहिली. मायलेकी डोंगर हिंडतात हे म्हसळ्याला पोचलं आणि स्थळ मोडलं. निरोप आला त्या दुपारी सकिनाने घरात बिर्याणी चढवली. का चढवली ते कोणी विचारलं नाही.

एप्रिलात बाजाराच्या दिवशी तुळसा आणि भागोजी करवंदांची पाटी घेऊन दारात आले. ओटीवर गनीभाई एकटेच होते. भागोजी त्यांना बघून पायरीवरच थबकला. गनीभाई उठले, आतून खुर्ची आणली, तिच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने झटकली.

"बसा," ते म्हणाले.

भागोजी अंग चोरून बसला. सकिना ओढणीला हात पुसत बाहेर आली. मागून झोया आली, शेजारची अम्बरीन आली, गनीभाईंची बायकोही दाराआड येऊन उभी राहिली.

"चहा नंतर," सकिना म्हणाली. "भागोजीभाऊ, आधी त्या दिवशीचं सगळं सांगा. पहिल्यापासून. आणि मोठ्याने सांगा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."