भिंतीबाहेरची जागा

राजधानी सान्तो दोमिंगोच्या कॉलेजची मुलं शनिवारी गावकरी आणि हैतीचे मजूर यांच्यात बोलणी घडवायला येत, तेव्हा जो तो आपापली खुर्ची घेऊन शाळेच्या पडवीत जमे. उसाच्या मळ्यातल्या चाळींतले, हैतीहून ऊसतोडीला आलेले लोक मात्र उभेच राहत. खुर्च्या त्यांच्याकडेही होत्या. आम्हा गाववाल्यांसमोर त्यांनी बसायचं नाही, एवढंच.

त्या दिवशी पहाटे दिएलिस वारला होता. चाळीस वर्षं त्यानं ऊस तोडला आणि गावातल्या प्रत्येक मेलेल्यासाठी खड्डा खणला. त्याची बायको इमाकुला एकच मागत होती: दफनभूमीच्या भिंतीच्या आत त्याला जागा. हैतीच्या माणसाला आम्ही बाहेर, उसात पुरत असू.

"आत आपली माणसं आहेत," दफनभूमीच्या कमिटीचा अध्यक्ष एलिहिओ म्हणाला. "उद्या म्हणाल, घरात घ्या."

"उसात डुकरं उकरतात हो," इमाकुला म्हणाली.

"मग खोल खणा की! तुम्हाला तर सवय आहे."

लोक हसले. तिकडे पत्र्याच्या खोलीत प्रेत फुगत होतं आणि आम्ही गोड कॉफीचे घुटके घेत होतो.

कॉलेजच्या मुलांतली यामिल्का जेमतेम वीस वर्षांची. भाषण ठोकायचं नाही, विचारायचं आणि थांबायचं, असं त्या मुलांना शिकवलेलं.

"एलिहिओकाका, तुमच्या आईचा खड्डा कुणी खणला?"

"त्यानंच. त्याचं काय?"

"भावाचा?"

एलिहिओनं कॉफीचा कप खाली ठेवला. तिनं घाई केली नाही. मग माझ्याकडे वळली. "आजी, तुमच्या नवऱ्याचा?"

मला तो दिवस आठवला: खणून दमलेला दिएलिस माझ्या मागच्या दारी उभा होता. मी त्याला गंजक्या डब्यात कॉफी दिली आणि तो गेल्यावर डबा चिमट्यानं उचलून फेकला. चिमट्यानं! त्याच्याच हातांनी तर माझ्या नवऱ्याला अलगद खाली ठेवलं होतं.

मी उठले. माझी खुर्ची इमाकुलापाशी नेली. "बस, बाई. नवऱ्याशेजारी माझी राखलेली जागा आहे. ती दिएलिसला."

"म्हातारे, वेड लागलं का? मग तुला कुठं पुरायचं?" एलिहिओ ओरडला.

"बाहेर. उसात."

खड्डा इमाकुलानं आणि कॉलेजच्या मुलांनी खणला. आमचे पुरुष भिंतीला टेकून बघत राहिले.

भिंत अजून उभी आहे. मीही आहे. दर शनिवारी मी एलिहिओला सगळ्यांदेखत विचारते, "माझा खड्डा कोण खणणार रे?"